निवेदन क्रमांक तीन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मग मध्ये मध्ये फिदीफिदी चालणार नाही. ही गोष्ट माझ्या सख्ख्या आत्याची आहे, आणि माझी आत्या म्हणजे कुणी भुताचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघणारी बाई.

रात्र-बित्र काही नव्हती. बुधवार होता. लख्ख ऊन होतं. सकाळी सव्वाआठ ते दुपारी दोन, एवढ्या वेळात सगळं घडलं.

आणि घडलं ते रेडिओवर. लाखो लोकांनी ऐकलं. एकालाही काही कळलं नाही.

आत्या रेडिओच्या राष्ट्रीय केंद्रावर निवेदिका. सव्वीस वर्षांची नोकरी. गाणं संपलं की "आता ऐकूया..." म्हणणारा आवाज असतो ना, तो तिचा. वर्षातून एकदा या केंद्राचा मोठा दिवस असायचा. सकाळी आठ ते रात्री आठ, देशभरची केंद्रं एकत्र जोडलेली. सकाळी संगीत, मग भाषणं आणि गप्पा, दुपारी मोठं नाटक, शेवटी पुन्हा संगीत. बारा तास, आणि निवेदिका एकच. त्या वर्षी आत्याची पाळी होती.

नेमकं त्याच दिवशी आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं.

आजीचा एक डोळा आधीच गेलेला. थांबलो तर दुसराही जाईल, असं डॉक्टर म्हणाले. आजी तशी खमकी, पण या ऑपरेशनची तिने हायच खाल्ली होती. तिचं मागणं एकच.

"आत नेईपर्यंत माझा हात सोडू नकोस. मग काय व्हायचं ते होऊ दे."

माझे बाबा जहाजावर नोकरीला, तेव्हा भर समुद्रात. मी परीक्षेसाठी दुसऱ्या गावी. राहिली कोण? आत्या. तिने रजा मागितली. केंद्रप्रमुख म्हणाले, "त्या दिवशी? डोकं ठिकाणावर आहे ना?" वर्षभरापूर्वी उशिरा आली म्हणून तिच्या हातात एक मेमो पडलेलाच होता. दुसरा म्हणजे घरी बसा.

मग आत्याने जे करायचं नाही तेच केलं. निवेदनं आदल्या दिवशी रेकॉर्ड करून ठेवली.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तर त्यांच्याकडे तो गुन्हा होता. पूर्वी एकदा कुणीतरी आळस करून निवेदन आधीच रेकॉर्ड केलं होतं. त्यात एका म्हाताऱ्या गायकाला उदंड आयुष्य चिंतलं होतं. गायक सकाळीच गेला, आणि दुपारी रेडिओ त्याला आयुष्य चिंतत बसला! तेव्हापासून नियम झाला. निवेदिकेने जिवंत माणसासारखं माइकपुढे बसायचं आणि तेव्हाच्या तेव्हा बोलायचं.

या कामात तिला एकाच माणसाने साथ दिली. काचेपलीकडे बसून यंत्रं सांभाळणारा तंत्रज्ञ. काहीही विचारा, "एक मिनिट हं" म्हणायचा, म्हणून अख्खं केंद्र त्याला एकमिनिट म्हणायचं. मंगळवारी संध्याकाळी दोघांनी गुपचूप बावीस निवेदनं रेकॉर्ड केली. वेळ कुठेही सांगायची नाही, हवेबद्दल बोलायचं नाही. चोरी पकडली जाते ती तिथेच. बावीसही निवेदनं आत्याने कागदावर लिहून पर्समध्ये ठेवली होती.

बुधवारी सकाळी ती आजीच्या खाटेशी बसली. आजीच्या चांगल्या डोळ्यात औषध घालून पट्टी बांधलेली. खिडकीत छोटा रेडिओ. आजीचाच हट्ट. लेकीचा मोठा दिवस तिला ऐकायचा होता.

पहिलं निवेदन झालं. शब्दन् शब्द बरोबर.

दुसरंही झालं.

मग व्हायोलिन वाजलं. ते संपलं. आत्या कागदावर तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून ऐकायला लागली.

"आठ वाजून सतरा मिनिटं झाली आहेत..." रेडिओ म्हणाला.

आत्याने हातातलं घड्याळ बघितलं.

आठ सतरा.

हे तिने रेकॉर्ड केलं नव्हतं. आवाज मात्र तिचाच. शेवटचा शब्द किंचित खाली सोडायची तिची सवय आहे, तीसुद्धा जशीच्या तशी.

"तू तर म्हणालीस वेळ सांगितलेली नाही," आजी म्हणाली. पट्टी डोळ्याला होती, कानाला नव्हती.

"काहीतरी गडबड झाली असेल गं," आत्या म्हणाली. पण तिच्या डोक्यात तिडीक गेली होती. तिला लगेच कळलं, हे काम कुणाचं ते.

मैनाचं!

मैना म्हणजे केंद्रावरची नवी निवेदिका. कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या नकला करायची, म्हणून मैना. आत्याची नक्कल तर अशी करायची की केंद्रप्रमुख एकदा फसून तिलाच कामं सांगून गेले होते. आत्याच्या खुर्चीवर तिचा डोळा आहे, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक. म्हणजे एकमिनिट फुटला. बाईसाहेब आज माइकपुढे बसल्या आणि उद्या जाऊन सांगणार, ही तर आलीच नव्हती, दिवसभर मी बोलले!

आत्याने एकमिनिटला फोन लावला. उचलला नाही.

पुन्हा लावला... नाहीच.

चौथ्या निवेदनात तो आवाज हलकेच खोकला आणि "माफ करा" म्हणाला. पाचव्यात कागद उलटल्याचा आवाज आला. कुणीतरी तिथे बसलं होतं, एवढं नक्की. आत्या दात-ओठ खात ऐकत होती. एका हाताने आजीचा हात धरलेला, दुसऱ्या हातात फोन.

साडेदहाला मधमाश्या पाळणाऱ्या एका माणसाची मुलाखत होती. मुलाखत घेणारा वेगळा, आत्याने शेवटी फक्त आभार मानायचे होते. ते मानले. आणि मग तो आवाज म्हणाला, "जाता जाता मला एक विचारायचंय. पोळ्यात दुसरी राणी आणून ठेवली तर माश्यांना कळत नाही?"

"कळतं की," तो माणूस म्हणाला. "लगेच ठेवली तर मारूनच टाकतात. आधी छोट्या पिंजऱ्यात ठेवायची, दोन-तीन दिवस. तिच्या वासाची सवय झाली की मग आपलीच समजतात."

"म्हणजे सवय झाली की झालं," असं म्हणून तो आवाज हसला.

आत्या सांगते, तिथे पहिल्यांदा तिला भीती वाटली. कारण ते हसणं हुबेहूब आत्याचं होतं, आणि मैना नक्कल कितीही करो, ते तिला कधी जमलं नव्हतं. शिवाय आत्या रेडिओवर कधी हसलीच नव्हती!

तिने मैनाच्या घरी फोन लावला. दुसऱ्याच घंटेला उचलला.

"ताई? तुम्ही? अहो पण तुम्ही आत्ता बोलताय ना रेडिओवर!"

"तू कुठे आहेस?"

"घरी. रजेवर. घसा बसलाय माझा, ऐकू येत नाहीये का?" खरंच, फाटक्या कापडासारखा आवाज येत होता. तिच्या मागे तिच्या घरातला रेडिओ लागलेला होता. आणि त्या रेडिओवर, आणि इकडे खिडकीतल्या रेडिओवर, एकाच वेळी आत्याचा आवाज पुढच्या गाण्याची माहिती देत होता.

"ताई, आज काय सुंदर बोलताय हो," मैना म्हणाली. "रोज असं का नाही बोलत?"

आत्याने फोन ठेवला. मैना नाही. मग कोण?

साडेबारा वाजता एकमिनिटच्या खोलीतला फोन एकदाचा लागला.

"अरे गाढवा, कुणाला बसवलंयस तिथे?"

पलीकडे नुसता श्वास.

"अरे मी बोलतेय!"

"कोण मी?" तो कुजबुजला.

"मी! ताई! मंगळवारी रेकॉर्ड केलं ते..."

"एक मिनिट..." आणि मग त्याचा आवाज चिरकला. "ताई समोर बसल्यात. सव्वाआठपासून. म्हणाल्या, आईचं ऑपरेशन पुढे गेलं, मीच बोलते... तिसरं निवेदन लावूच दिलं नाही त्यांनी. ताई माझ्याकडेच बघतायत. तुम्ही कोण?"

फोन कट झाला.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

मी आत्याला कधीच बोल लावला नाही. सव्वीस वर्षांची नोकरी, आणि कुणीतरी तिचं नाव, तिची खुर्ची, तिचा आवाज घेऊन बसलेलं. ऑपरेशन दोन वाजता होतं. टॅक्सीने केंद्र पंचवीस मिनिटांवर. जाऊन तोंड बघायचं त्या बाईचं आणि परत यायचं. तिने हिशेब केला आणि उठली.

"आई, मी तासाभरात आले."

आजीने हात सोडला नाही. "जाऊ नकोस गं."

"दोनच्या आत येते. शप्पथ."

"कबूल केलं होतंस तू."

आत्याने आजीची बोटं एकेक करून सोडवली. हे सांगताना ती अजून रडते.

केंद्राच्या दारावरचा पहारेकरी तिला बघून चक्रावला. "बाई, तुम्ही आत्ता तर बाहेर गेलात. डायरीत सही केलीत. इतक्यात परत?"

आत्याने डायरी ओढून बघितली. बाहेर जाण्याची वेळ, एक. खाली सही. तिचीच सही, तिच्याच अक्षरात.

घड्याळात एक वाजून सात मिनिटं झाली होती.

ती धावत स्टुडिओत गेली. नाटक सुरू झालेलं. ते जुनंच रेकॉर्डिंग होतं, पाऊण-एक तास आपोआप चालणार. काचेपलीकडची खुर्ची रिकामी. हेडफोन टेबलावर नीट ठेवलेला. एकमिनिट पांढराफटक पडून भिंतीला टेकला होता.

"कुठे गेली ती?"

तो ततपप करत कसंबसं म्हणाला, "गेल्या... नाटक लागल्याबरोबर उठल्या. म्हणाल्या... म्हणाल्या, आईला आत नेतायत, तिच्याजवळ कुणीच नाही. मला जायला हवं."

आत्याने पर्समधून फोन काढला.

तिने तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. कुणी उचलेना. टॅक्सी मिळायला दहा मिनिटं गेली. रस्त्यात टॅक्सीवाल्याने रेडिओ लावला होता. नाटकात कुणीतरी जिना चढत होतं, दार वाजवत होतं... आत्या ओरडली, "बंद करा तो आधी!"

ती पोहोचली तेव्हा दोनला दहा कमी होते. खाट रिकामी.

"आधीचा पेशंट आलाच नाही, म्हणून लवकर घेतलं," नर्स म्हणाली. "सव्वाला आत नेलं. आणि विचारताय काय? तुम्हीच तर होतात. दारापर्यंत हात धरून गेलात, कानात काहीतरी सांगितलंत. आजी किती शांत झाल्या."

एकला निघून सव्वाला पोहोचायचं? पंचवीस मिनिटांचा रस्ता आहे तो.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर खूश. तासाभराने आजीला खोलीत आणलं. आत्या तिच्या शेजारी बसली, हात हातात घेतला.

"आई. मी आलेय."

आजीने हात काढून घेतला. चादरीच्या आत नेला.

"कोण?"

"मी गं. तुझी लेक."

आजीने मान दाराकडे वळवली. मग अगदी हळू, जणू कुणी ऐकेल या भीतीने म्हणाली...

"ती सांगून गेलीय मला. म्हणाली, आता एक येईल. माझ्यासारखीच बोलेल. तुझी लेक आहे म्हणेल. तिला हात देऊ नकोस."

पुढचं फारसं काही नाही. नाटकानंतरची निवेदनं एकमिनिटने मुकाट्याने रेकॉर्डिंगवरून लावली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. केंद्रप्रमुखांनी आत्याला बोलावून शाबासकी दिली, मेमो फाडून टाकला. सकाळचं काम विशेष आवडलं म्हणाले. एकमिनिटने बदली मागून घेतली. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग केंद्रावर आहे. आत्याने ते एकदाही ऐकलं नाही.

पट्टी निघाली त्या दिवशी मी तिथे होते. आजीने आत्याकडे नीट पाहिलं, बराच वेळ पाहिलं. आणि म्हणाली, "दिसतेस तर तिच्यासारखीच."

आम्ही हसलो. डॉक्टरही हसले. आजी नाही हसली.

याला आता चार वर्षं झाली. दोघी एकाच घरात राहतात. आजी तिच्याशी गोड बोलते, जेवते, औषध घेते. पण आत्याने वाढलेलं आधी आत्याने खायचं, मग आजी. आत्याने "आई" म्हणून हाक मारली की आजी जरा थांबून मगच ओ देते. आणि आत्या कामावर गेली की खिडकीशी रेडिओ लावून बसते. मान तिरकी करून, एकेक शब्द चाखत ऐकते. मग नाही म्हणून मान हलवते आणि बंद करते.

गेल्या सुट्टीत मी गेले होते. माझा पारा चढला. आत्या वाळून अर्धी झाली होती त्या संशयाने. म्हटलं, आज सोक्षमोक्षच लावते.

"आजी, पुरे झालं आता. डोळ्याने स्वच्छ दिसतंय ना तुला? मग ही तुझी लेक नाही, हे कशावरून?"

आजी चिडली नाही. तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघितलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "अगं, मी हात जोडत होते तरी ही निघून गेली. ती आली. आता तूच सांग, माझी कोण?"

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

तेवढ्यात आतून आत्याने हाक मारली, "चला गं दोघी, चहा झालाय!"

आवाज तिचाच होता. आम्ही दोघीही लगेच उठलो नाही.