तिसऱ्या इंजिनाची ऊब

प्लंबरची व्हॅन अठरा वर्षांची होती. मंगळवारी सकाळी भर चौकात तिच्या इंजिनाने एक मोठा ठोका दिला आणि मान टाकली. आतला रॉड तुटून ब्लॉकला मुठीएवढं भोक पडलं होतं. अशा इंजिनाची दुरुस्ती नसते, दुसरंच बघावं लागतं.

एरवी त्याने आठवडाभर कळ काढली असती. नळ गळायचा थांबत नाही, पण गिऱ्हाईक रडतखडत का होईना थांबतं. बायकोचं डायलिसिस थांबणार नव्हतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला चाळीस किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात न्यायचं आणि परत येताना व्हॅनच्या मागच्या फळीवर आडवं करून आणायचं, असं दोन वर्षं चाललं होतं. एक फेरी चुकली तर अंगात पाणी भरेल, दोन चुकल्या तर मला फोन करू नका, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. बुधवारची फेरी शेजाऱ्याच्या गाडीने झाली. शुक्रवारी शेजाऱ्याला गाडी हवी होती.

बुधवारी दुपारीच तो मेहुण्याला घेऊन भंगारवाल्याकडे गेला. मेहुणा म्हणजे बायकोचा सख्खा मोठा भाऊ, पेशाने मेकॅनिक, हट्टी आणि हाताचा सच्चा. जुनं इंजिन घेताना त्याचा एक नियम होता. आधी तळहात टेकवायचा, मग तोंड उघडायचं. गार इंजिन किती झटकन उठतं यावरून त्याची तब्येत कळते. म्हणून लबाड लोक गिऱ्हाईक यायच्या आधीच ते चालवून तापवून ठेवतात. ऊन इंजिन घ्यायचं नाही, मग ते फुकट का मिळेना. या नियमापायी त्याने सख्ख्या मित्रांशी भांडणं केली होती.

व्हॅनला बसतील अशी तीन इंजिनं होती. पहिलं टर्बोवालं, कमी पळालेलं. मेहुण्याने त्याच्या वायरींचा गुंता बघून मान हलवली. "याला सेन्सर लागणार, कॉम्प्युटर लागणार. आपली व्हॅन म्हातारी आहे भाऊजी, तिला हे थेर झेपायचे नाहीत." दुसऱ्याला नवाकोरा रंग मारला होता. फार गोड बोलणारा माणूस आणि रंगवलेलं इंजिन यांच्यापासून लांब राहावं, एवढं बोलून तो पुढे गेला.

तिसरं शेडच्या बाहेर, उघड्यावर, लाकडी फळ्यांवर ठेवलं होतं. डिझेलचा साधा जुना पंप, व्हॅनच्या मूळ इंजिनाचंच भावंड. बोल्टसुद्धा जागच्या जागी बसले असते. मेहुण्याने तळहात टेकवला आणि लगेच काढून घेतला.

"तापवून ठेवलंत होय?"

"वर्ष झालं, चालवलेलं नाही," भंगारवाला म्हणाला. तो दहा पावलांवर उभा होता आणि जवळ येत नव्हता.

"मग आत का नाही ठेवलंत?"

"आत ठेवलं की सकाळी शेडच्या पत्र्याला घाम येतो."

मेहुणा चिडला. आम्ही काय दुधखुळे आहोत का, असं काहीबाही बोलून त्याने प्लंबरला बाहेर काढलं. गुरुवारी न सांगता, भंगारवाल्याने कुलूप उघडायच्या आधी दोघं फाटकाशी येऊन उभे राहिले. रात्री पाऊस पडला होता. आधीची दोन्ही इंजिनं पाहून झाली, ती दगडासारखी गार होती. तिसऱ्यावर पाण्याचा थेंब नव्हता. मेहुण्याने खालचा बोल्ट सोडला, तेलाचा टिपूस आला नाही. डिझेलचा पाइप तर कापलेलाच होता. तरी ब्लॉक ऊन होता, झोपलेल्या माणसाच्या पाठीइतका.

बॅटरी लावून दाब मोजला. चारही सिलेंडरांचा आकडा सारखा, नव्या इंजिनाला लाजवेल असा. मेहुण्याने गेज काढून पेटीत ठेवलं.

"दादा, उद्या शुक्रवार आहे," प्लंबर म्हणाला.

"माहीत आहे. बहीण माझी आहे." मग त्याने हात पुसले. "गेज खोटं बोलत नाही. घ्या."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने ऊन इंजिन घेतलं. अडला हरी, दुसरं काय. संध्याकाळपर्यंत ते व्हॅनमध्ये बसलंही.

शुक्रवारी व्हॅन अर्ध्या चावीला उठली आणि लोण्यातून सुरी जावी तशी गेली. या जातीच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. बायकोला बारमाही थंडी वाजायची, दोन स्वेटर घालूनही. त्या दिवशी परतताना ती मागे आडवी झालीच नाही. पुढे बसून राहिली, एक स्वेटर काढून मांडीवर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर रंग बघून प्लंबरला रडू आलं. त्याने ते आरशात बघायचं निमित्त करून गिळलं.

मग ती रिकाम्या दिवशीही व्हॅनमध्ये जाऊन बसू लागली.

"अगं, बंद गाडीत काय बसतेस?"

"बंद कुठे असते ती," ती म्हणाली.

तो हसला नाही. गरम पाण्याच्या पाइपला चिमट्याने लावायचं थर्मामीटर त्याच्या पेटीत असायचंच. ते त्याने इंजिनाला लावलं. सदतीस अंश, निरोगी माणसाच्या अंगाइतकं. दुसऱ्या दिवशी पहाटे, सगळ्या गाड्यांवर दव असताना, पुन्हा सदतीस. शनिवार-रविवार व्हॅन जागची न हलवता बघितलं. सदतीस. आता त्याला खरोखर भीती वाटली. त्याने मेहुण्याला बोलावलं. मेहुण्याने आकडा बघितला आणि नजर चुकवली.

"दुसरं शोधतो. तोवर फेऱ्या चुकवू नका."

दुसरं मिळेना. खरं सांगायचं तर दोघांनीही मनापासून शोधलं नाही. तिच्या अंगावर मांस चढत होतं, ती पोळी मागून खात होती. आपल्या हाताने कोण हे बंद करणार?

अकराव्या आठवड्यातल्या सोमवारी व्हॅन उठली नाही. प्लंबरने सीट उचलून हात लावला. इंजिन गार होतं. नुसतं गार नाही, बोटांना झोंबेल इतकं.

तो तिला सांगायला आत गेला.

ती पलंगावर उताणी होती. डोळे अर्धे मिटलेले. श्वास नव्हता.

गल्लीतले डॉक्टर आले. नाडी नाही, ठोका नाही, डोळ्यांत बॅटरी मारली तरी काही नाही. "आत्ताच गेल्या, अंग ऊन आहे," ते म्हणाले आणि तासाभराने येतो म्हणून गेले.

तासाभराने अंग ऊन होतं.

दुपारी एक वाजता ऊन होतं. डॉक्टरांनी तिच्या काखेत थर्मामीटर लावलं, वाचलं आणि झटकून पुन्हा लावलं. दाखल्याचा कागद त्यांनी कोराच परत बॅगेत ठेवला. जाताना त्यांनी कुणाकडे बघितलं नाही.

चार वाजले. मेहुणा उशाशी स्टुलावर बसला होता. त्याने पलंगाच्या लोखंडी फळीकडे बोट केलं. तिथे पाण्याचा पेला ठेवला होता. पाण्यावर बारीक, एकसारखी वलयं उठत होती.

प्लंबरने आधी पंखा बघितला. पंखा बंद होता. मग त्याला दिसलं, बायकोचा हात पलंगाच्या कठड्यावर टेकला होता.

त्याने तो हात उचलून आपल्या हातात घेतला. चालत्या इंजिनासारखी बारीक थरथर त्याच्या तळव्याला लागली.

पाणी स्थिर झालं.

मग मेहुणा अगदी हळू आवाजात म्हणाला, "परत ठेवा, भाऊजी."