वाचनालयाला नऊ गुण

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचा ठोकळा दाबाखाली फुटला, तेव्हा बघायला आलेली सगळी मुलं एक पाऊल मागे सरकली. फक्त दोघं पुढे झुकली – आणि त्यांची डोकी एकमेकांवर आपटली.

"माझ्या कपाळाची ताकद तपासून झाली असेल, तर सरकतोस का?" ती कपाळ चोळत म्हणाली.

"तुझंच मजबूत आहे. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले."

तिला घरी आई भिंगरी म्हणायची, कारण ही मुलगी एका जागी पाच मिनिटं टिकेल तर शपथ. त्याला मित्र टेप म्हणायचे. बाबांचा फर्निचरचा कारखाना, त्यामुळे याच्या खिशात कायम मोजायची टेप. ती सुट्टी दोघांनी इंजिनिअरिंगसाठी विद्यापीठं बघण्यात घालवली. निदान घरी तरी तसंच सांगितलं होतं.

आज शेवटचा दिवस. पसंतीची यादी पाचच्या आत लॉक करायची, आणि एकदा केली की बदल नाही. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकापुढे भिंगरी बसली, उठली, पाणी प्यायली, परत बसली. तहान नव्हतीच मुळी.

"दाखव यादी," टेप म्हणाला.

"ठरलंय माझं. पहिलं हेच, इथलं."

हे इथलं म्हणजे घरापासून वीस मिनिटं. टेपच्या यादीत शहरातलीच दोन विद्यापीठं होती, त्यातलं एक हे. तिच्या यादीतलं दुसरं मात्र रेल्वेने अकरा तास लांब. तिथे प्रवेश मिळण्याइतके गुण टेपला नव्हते. पण तिथे एक मोठं टेबल होतं... इमारतींचे नमुने ठेवून त्यांना भूकंपाचे हादरे देणारं. आठवीत त्याचा फोटो बघितल्यापासून भिंगरी त्या टेबलाच्या प्रेमात होती.

निर्णय मनाने नाही, तक्त्याने घ्यायचा, असं दोघांनीच ठरवलं होतं. प्रयोगशाळा, शिक्षक, वसतिगृह... प्रत्येकाला दहापैकी गुण. तिने आपला कागद पुढे सरकवला. इथलं विद्यापीठ दोन गुणांनी जिंकलं होतं.

टेपचं बोट एका ओळीवर थांबलं. "वाचनालय. इथल्याला नऊ, तिथल्याला तीन?"

"छान आहे इथलं."

"आत कधी गेलीस?"

"बाहेरून बघितलंय..."

"आपण आलो तेव्हा रंगकाम चालू होतं. कुलूप होतं दाराला."

"तुला नकोय का मी इथे?" तिचा आवाज चढला आणि एकदम बसला.

त्याने खिशातली टेप काढली, वीतभर ओढली, सोडून दिली.

"हवी आहेस. रोज हवी आहेस. पण माप चुकीचं आहे, हे माहीत असून मी तुला लाकूड कापू कसं देऊ?"

"आणि तिकडे जाऊन मी तुला विसरले तर?"

"तर येऊन परत डोकं आपटेन."

ती हसली, आणि हसता हसताच डोळे भरून आले. तिने नऊ खोडले, तीन खोडले, दोन्हीकडे पाच लिहिले. लांबचं विद्यापीठ चार गुणांनी पुढे गेलं. पाचला वीस मिनिटं कमी असताना तिने यादी लॉक केली.

"तुझा तक्ता बघू आता," ती नाक पुसत म्हणाली.

त्याने घडी उलगडली. शहरातल्या दोन्ही विद्यापीठांची बेरीज अगदी सारखी होती. खाली पेन्सिलने एक ओळ वाढवली होती – रेल्वे स्टेशनपासून अंतर. दोघांनी जिथे डोकी आपटली, त्या विद्यापीठाला दोन. दुसऱ्याला दहा.

"सात मिनिटं लागतात चालत," तो कागदाकडे बघत म्हणाला. "सकाळी मोजून आलो."

"सकाळी? मी तर आत्ता ठरवलं..."

"तू जावंस, असं मला आधीपासून वाटत होतं."

भिंगरीने त्या दहावर बोट ठेवलं. "हे माप तरी खरं ना?"

"एकदम खरं."

"मग कर लॉक," ती म्हणाली. त्याचा मोकळा हात तिने हातात घेतला, आणि अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच एका जागी शांत बसून राहिली.