बाथरूमचे चार दिवे

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ही गोष्ट रचलेली नाही. ज्यांच्या बाबतीत घडली ते माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातले आहेत आणि थापा मारणं त्यांच्या स्वभावातच नाही.

वेळही रात्रीची नव्हती. रविवार, दुपारचे साडेबारा. बाहेर रणरणतं ऊन. जागा म्हणाल तर त्यांच्या धाकट्या बहिणीच्या घरातलं बाथरूम.

ते वायरिंग तपासनीस. नवं वायरिंग तपासायचं आणि धोका नसेल तरच सही करायची, हे त्यांचं काम. मीटरवर शून्य दिसल्याशिवाय तारेला हात लावत नाहीत, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना शून्यराव म्हणतात. घरी चहासुद्धा आधी कपाला बोट लावून बघतात. बायको वैतागते, पण ऐकतील तर शपथ.

बहिणीने बाथरूम नवं करून घेतलं होतं. छताला चार नवे दिवे बसले होते. तिचं बाळ चार महिन्यांचं. दोन महिने ती त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलावर टब ठेवून अंघोळ घालत होती आणि तिच्या कंबरेचे पार बारा वाजले होते. पण दिवे बसवणाऱ्याने काम उरकून टाकल्यासारखं तिला वाटलं. दादा बघून हो म्हणेपर्यंत बाळाला त्या छताखाली न्यायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

शून्यरावांची कामाची एक पद्धत आहे. एक माणूस बोर्डापाशी, एक शिडीवर. शिडीवरच्याने विचारायचं, "बंद?" बोर्डापाशी उभ्या असलेल्याने स्विच पाडून सांगायचं, "बंद." मग टेस्टर लावायचा. मगच हात.

त्या दिवशी बोर्डापाशी मेहुणा उभा होता. बोर्ड बाहेर, पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला. बहीण बाळाला घेऊन शेजारणीकडे गेली होती. घरात दोघंच.

शून्यराव शिडीवर चढले. फरशी नुकतीच धुतलेली, ओली. पहिला दिवा त्यांनी छतातून खाली ओढला. दोन तारा लोंबायला लागल्या.

"बंद?"

"बंद," मेहुण्याचा आवाज आला.

टेस्टर खाली पिशवीतच राहिला होता. आता पुन्हा कोण उतरणार? घरचंच तर काम. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आळस केला आणि हात पुढे नेला...

"चालू."

कानाशी. अगदी कानाला लागून कुणीतरी बोललं.

हात जागच्या जागी थांबला.

आवाज बाईचा नव्हता. पुरुषाचाही म्हणता आला नसता. घाई नाही, घाबरवणं नाही. पाणी गरम आहे हे जसं कुणी सहज सांगावं, तसं.

त्यांनी मागे पाहिलं... कुणी नाही. नळ बंद. खिडकी बंद. पॅसेजच्या टोकाला मेहुणा मोबाइल बघत उभा.

ते खाली उतरले, टेस्टर आणला, तारेला लावला.

टेस्टर पेटला.

तार जिवंत होती. बोर्डावरच्या नावांच्या पट्ट्या चुकीच्या लावल्या होत्या. बाथरूम लिहिलेला स्विच स्वयंपाकघराचा निघाला. मेहुणा पांढराफटक पडला, माफी मागत राहिला. शून्यराव त्याच्यावर चिडलेसुद्धा नाहीत. ओली फरशी, लोखंडी शिडी आणि उघडी तार. तो आवाज आला नसता, तर बहिणीला भाऊ राहिला नसता.

त्यांनी पट्ट्या बदलल्या. मग घराचा मेन स्विच पाडला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातला. फ्रिजची घरघर थांबली. पंखे थांबले. घर इतकं शांत झालं की त्यांना स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

पुन्हा शिडी.

"बंद?"

"बंद," मेहुणा म्हणाला.

आणि कानाशी...

"चालू."

टेस्टर पेटला नाही. मीटरवर शून्य. फ्यूज खिशात. तरी त्यांनी चारही दिवे उघडले, एकेक जोड, एकेक स्क्रू बघितला. अर्थिंग ठीक. वाफ आत शिरू नये म्हणून लावलेलं रबरसुद्धा ठीक. खोट काढायला कुठे जागाच नव्हती.

प्रत्येक दिव्यापाशी एकदा... "चालू."

मेहुण्याला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

बहीण आली तेव्हा शून्यराव जिन्यात बसले होते. आज नको, एवढंच त्यांनी तिला सांगितलं.

पुढच्या रविवारी ते हत्यारांची पेटी घेऊनच आले. चारही दिवे उतरवले. छतातल्या पाइपमधून तारा ओढून काढल्या, अगदी शेवटच्या इंचापर्यंत. भोकं बुजवली. दाराबाहेर समोरच्या भिंतीवर एक दिवा लावला. त्याचा उजेड दारावरच्या काचेतून आत पडत होता. आता त्या बाथरूमच्या छतात आणि भिंतींत विजेचा एक धागाही उरला नव्हता.

मग ते शिडीवर चढले. कोऱ्या छतावर तळहात टेकवला. विचारायचं काहीच कारण नव्हतं. तरी विचारलं, हळूच.

"बंद?"

बाहेर मेहुणा हसला. म्हणाला, आता काय बंद आणि काय चालू!

छत थंड होतं...

"चालू."

तेवढ्यात बहीण दारात आली. बाळ टॉवेलात गुंडाळलेलं, एक पाय बाहेर काढून झाडत होतं. बादलीत पाणी तयार होतं.

"दादा, आता तरी घालू ना रे अंघोळ?"

शून्यराव शिडीवरून खाली उतरले. सांगणार काय? कशाची भीती बाळग म्हणून सांगणार? दिवे नाहीत, तारा नाहीत. दोन महिन्यांपासून थकलेली बहीण आणि तिचा सगळा भरवसा आपल्या एका शब्दावर. नोकरीच्या बावीस वर्षांत त्यांनी शंका असताना एकदाही सही केली नव्हती.

"घाल," ते म्हणाले.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. भाचा ठणठणीत आहे, घरभर धावतो. काहीसुद्धा झालेलं नाही. मेहुणा या सगळ्याची अजून टिंगल करतो आणि मी शून्यरावांना विचारलं, तर तेही आधी हसून उडवतात. मग म्हणतात, पहिल्या वेळी तो आवाज खरं बोलला होता रे.

ते आजही दर रविवारी बहिणीकडे जातात. मामाचा भाच्यावर केवढा जीव, असं शेजारणी म्हणतात. पोराची अंघोळ होईपर्यंत शून्यराव बाथरूमच्या दाराबाहेर उभे असतात, स्विच शोधत असल्यासारखा एक हात पुढे करून. काय बंद करायचं, ते मात्र त्यांना अजून कळलेलं नाही.