तायवोचा चेहरा

नेपरव्हिलच्या मराठी मंडळात नीलांबरीला सगळे फोटोवाली म्हणत. नोकरी विमा कंपनीत आकडेमोडीची, पण जीव जुन्या फोटोंत अडकलेला. कुणाच्या आजोबांच्या टोपीवरचा डाग काढ, कुणाच्या लग्नात रुसून बसलेल्या काकांना मागच्या रांगेत उभं कर, असले उद्योग ती हौसेनं करी. तिचा नवरा ऋषी त्यावरून तिची यथेच्छ थट्टा करायचा.

एके दिवशी शेजारची फोलाके, मूळची नायजेरियाची, एक फोटो घेऊन आली. इबादानमधल्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला. सातेक वर्षांच्या दोन मुली, दोघींनी हातमागाच्या पट्ट्या जोडून शिवलेलं सारखंच वस्त्र छातीपासून गुंडाळलेलं, डोक्याला ऐटदार फेटे, गळ्यात पोवळ्यांच्या माळा. डावीकडच्या मुलीच्या चेहऱ्यावर मात्र बुरशीनं मुक्काम ठोकला होता.

फोलाके म्हणाली, खरं तर मुलगी एकच आहे, तिची आजी केहिंदे. आजीची जुळी बहीण तायवो रांगायच्या आधीच गेली. पण योरुबा लोकांत एका जुळ्याला जे मिळतं ते दुसऱ्यालाही द्यायचं असतं, मग ते हयात असो वा नसो. म्हणून फोटोवाल्यानं केहिंदेलाच दोनदा बसवलं आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी छापली.

"रविवारी आजीला पंच्याऐंशी पूर्ण होतील," फोलाके म्हणाली. "तिची नजर चाललीय. नजर पुरती जाण्याआधी तायवोला एकदा नीट बघायचंय म्हणते."

नीलांबरीला हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ वाटलं. उजवीकडचा चेहरा उचलला, डावीकडे बसवला, झालं.

शनिवारी सकाळी चहा घेताना तिनं पाहिलं, तर डावीकडचीचे ओठ किंचित विलगलेले. आपलाच हात चुकला म्हणत तिनं चेहरा पुन्हा बसवला. दुपारी पाहते, तर पोरगी चक्क हसत होती आणि तिच्या पुढच्या दातांत फट होती. उजवीकडची तोंड मिटून गंभीर.

"अगं, हल्ली सॉफ्टवेअर स्वतःच एआय लावतं. ऑफ कर ना ते," ऋषी म्हणाला.

ते बंदच होतं. नीलांबरीनं दोनदा तपासलं. तरी पोरीचं हसू इतकं गोड होतं, की पुसायला तिचा हात धजेना. तिनं तसंच छापलं.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये धमाल होती. सगळे एकाच निळ्या कापडाचे कपडे घालून आलेले. फोलाकेच्या मावश्यांनी नीलांबरीला धरून बसवलं, तिच्या डोक्यालाही फेटा बांधला आणि आता शोभतेस म्हणून टाळ्या पिटल्या. भाताच्या तिखटानं ऋषीच्या डोळ्यांत पाणी आलं. आजींसाठी खुर्च्या दोन, ताटं दोन, केकही दोन.

आजींनी फोटो अगदी डोळ्यांपाशी नेला. मग त्या गालांवर पाणी ओघळेपर्यंत हसल्या आणि नीलांबरीचा हात धरून काहीतरी बोलल्या.

फोलाकेनं अर्थ सांगितला. "आजी म्हणते, आजवर सगळ्यांनी हिला माझाच चेहरा दिला. हिचा कसा आहे ते विचारणारी तूच पहिली."

नीलांबरीला भरून आलं. आपण काहीच विचारलं नव्हतं, हे सांगायचं तिच्या जिवावर आलं.

निघताना तिनं सगळ्यांचा एक फोटो काढला. मधे आजी, शेजारी तायवोची रिकामी खुर्ची. न बघताच फोलाकेला पाठवूनही दिला.

घरी पोचेपर्यंत फोलाकेचा मेसेज आला होता. आजी फोन सोडायला तयार नाही. एवढ्या लवकर एडिट कसं केलंस? आणि या वयात तायवो अशी दिसली असती, हे तुला कसं सुचलं?

नीलांबरीनं फोटो उघडला.

दोन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या.

दुसऱ्या खुर्चीतल्या म्हातारीचा एक हात आजींच्या हातात होता. दुसरा तिनं फोटो काढणारीकडे पुढे केला होता, जवळ ये म्हणताना करतात तसा.