सान्वीचे क्यूब

गणपती नुकतेच गेले होते. डोंबिवलीत मानपाड्याच्या टेस्टिंग लॅबच्या दारात एक मुलगा भाजीची चाकांची पिशवी ओढत येऊन उभा राहिला, तेव्हा मायाला वाटलं, हा पत्ता चुकला.

"भाजीवाले पलीकडच्या गल्लीत बसतात," ती रजिस्टरमधून डोकं वर न काढता म्हणाली.

"भाजी नाही... काँक्रीट आहे."

त्याने एकेक करून आठ क्यूब टेबलावर मांडले. एकेक ओंजळीत मावेल एवढे राखाडी ठोकळे. त्याचं नाव सम्यक. ठाण्याला बाळकुममध्ये राहायचा, एम.टेक. करत होता. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा दळून त्यातून नवं काँक्रीट करता येईल का, हा त्याचा अभ्यास. कॉलेजचं मशीन बंद पडलं होतं, म्हणून तो इथवर आला होता.

"हे सगळे तुम्ही फोडणार?"

"तेच काम आहे माझं."

"जरा मायेने फोडा. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून वाढवलेत."

मायेने... मुद्दाम म्हणाला की सहज, ते तिला कळेना. टेबलावरच्या पाटीवर तिचं नाव होतं खरं.

मग तो दर बुधवारी यायला लागला. क्यूब मशीनमध्ये दाबला जाई, काटा चढत जाई, आणि ठोकळा तडकला की दोघं एकदमच मागे सरकत. समोरून चहा यायचा. तिला आलं चालत नाही हे त्याने न विचारता लक्षात ठेवलं. सगळं छान चाललं होतं... फक्त अर्ध्या क्यूबांवर लाल मार्करने 'सा' लिहिलेलं असायचं.

'सा' म्हणजे सान्वी. त्याच्याच वर्गातली, अर्धा अभ्यास तिचा, तिचं मिश्रण वेगळं. "सान्वी म्हणते, पाणी कमी करून बघू." "सान्वीने रविवारी पण क्यूब भरले." माया "हो का" म्हणायची आणि चहा गार व्हायच्या आत संपवायची.

डिसेंबरात सान्वी स्वतःच आली. स्कूटरवरून उतरली, आखूड केस, गालावर सिमेंटचा ठिपका. सम्यकने स्वतःच्या गालाला बोट लावून तिला तो दाखवला. तिने पुसला. एवढंच झालं, पण मायाला ते दिवसभर पुरलं.

शेवटचे, महत्त्वाचे क्यूब होते; दोघांचे चार-चार. तीन फोडायचे, एक जादा. सम्यकचे तीन झाले, ताकदीची सरासरी तीस आली. मग सान्वीचे. काचेपलीकडे व्हरांड्यात ते दोघं कशावर तरी हसत होते. मायाचे हात मशीनवर होते, नजर काचेवर. वीस, बावीस, एकवीस.

आकडे ऐकून सान्वीचं हसू गेलं. "मग माझं मिश्रण बादच करावं लागेल," ती हळूच म्हणाली.

ते गेल्यावर तुकडे गोळा करताना मायाच्या लक्षात आलं. क्यूब साच्यात भरताना जी बाजू वर असते ती खडबडीत राहते, म्हणून दाबताना तो आडवा करून ठेवायचा. लॅबमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात. तिने तिन्ही क्यूब तसेच सरळ ठेवले होते.

कोणाला कधी कळलं नसतं. आणि खोटं कशाला बोला, तिला आत कुठेतरी बरं वाटलं. दोन दिवस ते बरं वाटणं घेऊन ती घरी गेली, जेवली, आईशी उगाच भांडली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने रजिस्टरमध्ये आपली चूक लिहिली, सही केली, लॅबच्या सुधीर सरांची बोलणी खाल्ली आणि सम्यकला फोन केला. तो एकटाच आला.

"सान्वीचे क्यूब मी चुकीचे ठेवले. तिचे आकडे खोटे आहेत."

"तुम्ही? असं कसं झालं?"

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

मायाने काचेकडे बोट दाखवलं. "व्हरांड्यात. तुम्ही दोघं हसत होतात."

सम्यक स्टुलावर बसला. "सान्वीला मी गेल्या वर्षी विचारलेलं," तो म्हणाला. "ती नाही म्हणाली. मैत्री राहिली."

"आणि अजून...?"

"कॉलेजचं मशीन दिवाळीआधीच दुरुस्त झालंय, माया. तरी दर बुधवारी वीस किलो काँक्रीट ओढत मी डोंबिवलीला येतोय."

तिचे कान तापले. "सान्वीला माहितीये हे?"

"तिला आधी क्यूबचं सांगा. तुम्हीच."

तिने त्याच्यासमोरच फोन लावला. सान्वीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन दिवस मी रडतेय. चौथा क्यूब आहे ना? मी येते. माझ्यासमोर फोड."

दुपारी ती आली. मायाने क्यूब आडवा केला, गुळगुळीत बाजू वर घेतली. काटा वीसवरून गेला, तीसवरून गेला. चौतीसला ठोकळा तडकला.

"एकावर भागणार नाही," माया म्हणाली. "नवे तीन भरून आण. मी नीट फोडीन."

"आणते. राग गेलेला नाही माझा." सान्वीने आकडा वहीत लिहिला, दोनदा वाचला आणि स्कूटरकडे निघाली. "सम्यक, येतोस?"

माया रजिस्टरमध्ये बघत होती. एक अक्षर वाचत नव्हती.

"नाही. तू हो पुढे."

स्कूटर गेली. सम्यक टेबलापाशी आला. "तू सहाला सुटतेस ना? मी थांबतो."

तू. मायाने मान वर केली. "सान्वीला पण असंच थांबून विचारलेलं?"

"नाही. तिला मेसेज केलेला."

"मग थांब," ती म्हणाली.