दोन वाजता खुर्ची सोडायची

खरी गोष्ट आहे. पटत नसेल त्याने सुरतेतल्या नवागामला माझ्याकडे यावं, चहा पाजून सांगतो.

गेल्या मार्चातला रविवार. भर दुपार. भुतं रात्रीच येतात असं कोण म्हणतं?

माझी भाची स्वप्ना सुरतेत पीएच.डी. करते. आईबाप भुसावळला परतले, म्हणून ती मैत्रिणीबरोबर, धनश्रीबरोबर, एका खोलीत राहायची. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीचा आयडी टाकला की संशोधनाचे लेख घरबसल्या वाचता येतात. स्वप्नाचा आयडी नोंदणीच्या घोळात अडकलेला. मग दोघी धनश्रीचाच वापरायच्या. पण एका वेळी एकीलाच उघडायचा. दुपारी दोनपर्यंत स्वप्ना, मग तिने खुर्ची सोडायची आणि धनश्रीने बसायचं.

जानेवारीत धनश्री काविळीने गेली.

स्वप्नाचं बोलणंच आटलं. खोली सोडली नाही. प्रबंध अडू नये म्हणून आयडीही तोच.

त्या रविवारी वाचता वाचता दोन वाजले...

पान आपोआप बंद झालं. 'हा आयडी दुसरीकडे सुरू आहे.'

पासवर्ड दोघींनाच ठाऊक. त्यातली एक गेलेली.

संध्याकाळी स्वप्नाने आयडी पुन्हा उघडला. त्यावरून शोधलेल्या विषयांची यादी पाहिली. दोन वाजून चार मिनिटं : यंत्रमाग कामगारांचा बहिरेपणा.

धनश्रीचा विषय.

त्याखाली...

'स्वप्ना बोलत का नाही?'

दुसऱ्या दिवशी लायब्ररीतल्या ललितभाईंनी तपासलं. "बेन, दुसरं कोणी नाही. तुमच्याच कम्प्युटरवरून आहे. आयडी बंद करून टाकू?"

"राहू द्या," स्वप्ना म्हणाली.

हे माझ्या कानावर आलं. पुढच्या रविवारी तडक खोलीवर गेलो.

"येड लागलं का पोरी? उद्याच्या उद्या बंद कर तो आयडी! अन् सामान बांध, माझ्या घरी चल."

"मामा, ती एकटी पडेल."

"आणि तू?"

दोन वाजले. स्वप्ना उठली, खुर्ची जरा मागे ओढून ठेवली आणि पलंगावर जाऊन बसली...

मी पायात चपला सरकवल्या आणि निघालो. खोटं कशाला सांगू, पळालोच.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"मामा, आज यादीत एकच ओळ आहे."

"काय?"

"'मामांना परत येऊ देऊ नको.'"

आणि स्वप्ना खळखळून हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदाच.

सख्खा मामा मी. पण त्यानंतर अजून त्या खोलीची पायरी चढलेलो नाही. लाज वाटते. भीती त्याहून जास्त वाटते.