हैबतरावांची सीट

गाडी बघायला गेलो होतो, दुसरं काही नाही. जुनी, खिशाला झेपेल आणि पाय मावतील अशी गाडी. यापेक्षा जास्त मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, हे आधी नीट ऐकून घ्या, म्हणजे पुढे मला शहाणपणा शिकवणार नाही. वीज काय इतक्यात येत नाही. तो दिवा जरा इकडे सरकवा.

माझी उंची सहा फूट चार इंच होती. राहतो इथे भुकूमला, आणि मुठा खोऱ्यातल्या एका निवासी शाळेत व्हॉलीबॉल शिकवतो. स्मॅश मारून मारून डावा गुडघा कामातून गेला, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी दुचाकीला कायमचं नाही म्हटलं. एसटी त्या खोऱ्यात तिच्या मर्जीने येते. शाळेने काही दिवस चालवून घेतलं. मग मुख्याध्यापिका म्हणाल्या, दिवाळीपर्यंत येण्याजाण्याची सोय करा, नाहीतर आम्हाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. गाडी नाही तर नोकरी नाही, इतका साधा मामला.

बावधनच्या बाजूला जुन्या गाड्यांची दुकानं आहेत. एकूण एक पालथी घातली. प्रत्येक गाडीत बसलो की गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना, मान वाकडी आणि डोकं छताला. विकणारा पोरगा बाहेरून म्हणायचा, "सर, थोडं ॲडजस्ट करा ना." अरे, जन्मल्यापासून तेच करतोय. दारं ठेंगणी, पलंग आखूड, एसटीच्या सीटवर मांडी तिरकी. वर परत "काय, वर हवा कशी आहे?" हा विनोद प्रत्येकाला आपणच पहिल्यांदा केला असं वाटतं. गाड्या बनवणाऱ्यांनी मध्यम बांध्याचा एक कुणीतरी माणूस धरलाय आणि बाकीच्यांनी त्याच्या मापात मावायचं. मावतील अशा गाड्याही असतात, नाही असं नाही. त्यांच्या किमती ऐकल्या की माणूस आपोआप वाकतो. बायको म्हणाली, ड्रायव्हर ठेवू. म्हणजे स्वतःच्या गाडीत मी मागे बसायचं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

शाळेत दूध घालायला तुकाबाई येतात. त्यांनी एकदा मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "सर, सगुणाबाईकडं गाडी हाय. तुमच्याच मापाची. पर आत्ता न्हाई देयाच्या. पितरांच्या दिवसांत जावा."

का, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, पितृपंधरवड्यात वाहन कुणी घेत नाही, गिऱ्हाईक नसतं, म्हणून भाव पडत असेल. जुईली, म्हणजे माझी बायको, नको नको म्हणत होती. मी म्हटलं, लोकांची अंधश्रद्धा आपल्या पथ्यावर पडतेय तर पडू दे. फार हुशारी वाटली होती तेव्हा.

त्या दिवशी भुरभुर पाऊस होता आणि डोंगर निम्म्यापर्यंत धुक्यात गेले होते. सगुणाबाईंचं घर मुठा गावाच्या टोकाला. जमिनीच्या पैशातून बांधलेलं नवं स्लॅबचं घर, बाजूला पत्र्याची शेड, शेडमध्ये गाडी. त्यांचा मुलगा अमोल शेडपाशी उभा होता, माझ्या छातीला लागेल एवढा. मी रिक्षातून उतरून सरळ झालो तशी सगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. या-बसा काही नाही. हळूच म्हणाल्या, "बसा गाडीत."

बसलो. पाय पुढे लांब केले आणि ते लांब झाले. गुडघा कशाला लागला नाही, डोकं कशाला लागलं नाही. आरशात बघितलं तर तो हात न लावता माझ्या डोळ्यांसमोर. तुम्हाला नाही कळायचं ते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आण्णांनी पौडच्या ग्यारेजातनं सीटखालचं रूळ कापून सीट मागं घेतली व्हती," अमोल म्हणाला. "आण्णा म्हंजे माझं वडील, हैबतराव. लई उंच. वारलं त्याला दोन वर्सं झाली. हितंच, गाडीत बसल्या बसल्या..."

गाडीत ओल्या घोंगडीचा आणि तंबाखूचा वास होता. मी मनाशी म्हटलं, काचा उघडल्या की जाईल.

किमतीवरून घासाघीस झालीच नाही. मी भीतभीत आकडा सांगितला, त्याला सगुणाबाई हो म्हणाल्या. फक्त एवढंच म्हणाल्या, "आज जेवून जायाचं."

आता, जेवायला थांबा म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आत नेऊन मला पाटावर बसवलं. मी एकटाच. अमोलने माझे पाय धुतले, गंध लावलं, आणि खुंटीवरची एक पांढरी टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. ती बसली. माझ्या डोक्याला आजवर कुठली टोपी धड बसलेली नाही. पानात वडे, खीर, कढी, भोपळ्याची भाजी. अमोल वाढत होता आणि खाली बघून म्हणत होता, "आण्णा, खीर घ्या. आण्णा, आजून एक वडा..."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या दिवसांत गेलेल्या माणसाच्या जागी कुणाला तरी बसवून जेवू घालतात, हे मला ऐकून माहीत होतं. मला पितर म्हणून बसवलं होतं.

"गेल्या साली मेव्हण्यांस्नी बसवलं," सगुणाबाई दाराआडून म्हणाल्या. "दिवस मावळला तरी कावळा शिवला न्हाई. ठेंगणा माणूस. आमच्या घरात पितर मापाचा लागतो."

बाहेर पत्र्यावर ठेवलेल्या घासाला कावळा तेवढ्यात शिवला. पत्र्यावर त्याची नखं वाजलेली ऐकू आली. अमोलने डोळे पुसले.

मला संताप आला. अहो, विचारायचं तरी. जिवंत माणसाला मेलेल्याच्या पाटावर बसवताना त्याला एक शब्द विचारायचा की नाही? पण गाडीची चावी समोर ताटाशेजारी ठेवलेली होती आणि वडे गरम होते. मी जेवलो. हात धुतले, टोपी काढून दिली, चावी उचलली आणि दारातून, लहानपणापासून जसं बोलतो तसं म्हणालो, "बरं, येतो."

आत अमोल ताट उचलता उचलता थांबला.

"काय म्हणला?" अमोलने विचारलं.

"येतो म्हटलं."

"सर... पितराला बसल्यालं माणूस 'जातो' म्हणतंय. येतो न्हाई म्हणायचं..."

हे आधी सांगायला काय झालं होतं? या मुलखात 'जातो' म्हटलं तर आई तोंडात मारते. निघताना येतो म्हणायचं, हे रक्तात असतं. मी सुधारून म्हणणार होतो, खरंच म्हणणार होतो. पण त्याआधी सगुणाबाई दाराआडून पुढे आल्या. घाबरल्या नव्हत्या त्या. अगदी मायेने, माझ्याकडे न बघता, माझ्या खांद्याच्याही वर कुठेतरी बघत म्हणाल्या, "या."

"आये, आसं म्हणू नगं," अमोल पुटपुटला.

पहिला आठवडा सुखाचा गेला. भुकूम ते मुठा, पाय लांब करून, गाणं म्हणत. वास तेवढा गेला नाही. काचा उघड्या ठेवा, कापूर ठेवा, लिंबू ठेवा, ओली घोंगडी आणि तंबाखू आहेच.

मग एका सकाळी क्लच पुरता दाबेना. पाय थोडा कमी पडत होता. सीट मागे सरकली असणार, म्हणून मी खटका ओढून पुढे घेतली. दोन-तीन दिवसांनी परत तेच. आरसाही रोज वर तोंड करून असायचा, मी तो डोळ्यांसमोर आणायचो आणि संध्याकाळी बघावं तर त्यात मागच्या काचेऐवजी छत दिसायचं. मी सोसायटीच्या वॉचमनला झापलं. पार्किंगमध्ये खेळणाऱ्या पोरांना झापलं. जुईलीला विचारलं, तू बसतेस का गाडीत? ती म्हणाली, त्या वासात मी पाय ठेवत नाही.

शेवटी तिची लाल नेलपॉलिश घेतली आणि सीट आणि रूळ यांच्यावर मिळून एक रेघ ओढली. सीट हलली तर रेघ तुटेल. सकाळी क्लच परत लांब गेलेला. टॉर्च घेऊन खाली वाकलो. रेघ सलग होती. सीट हललेली नव्हती.

मी बोटाने रेघ परत चाचपली. मग हसलो. म्हटलं, गुडघा आखडला असेल.

त्याच संध्याकाळी मैदानावर नेट बांधायला गेलो. पुरुषांच्या उंचीचं नेट मी टाचा न उचलता बांधायचो. नव्या मुलींसमोर तर मुद्दाम बांधायचो, कारण त्या सगळ्या वर बघायच्या आणि त्यानंतर मला शिट्टी फारशी वाजवावी लागायची नाही. त्या दिवशी वरच्या हुकापर्यंत बोटं पोहोचली नाहीत. टाचा उचलल्या. तरी नाही. माझी कॅप्टन वैष्णवी मागून म्हणाली, "सर, स्टूल देऊ का?" कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आलो तर पँटची टोकं चिखलाने भरलेली. जुईलीने पाहिलं, सुई-दोरा काढला, खाली बसून दोन्ही पाय दुमडून शिवायला लागली. शिवून झाल्यावर उभी राहिली आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिची हनुवटी कधी तिथपर्यंत आली नव्हती. तिलाही ते कळलं. ती पटकन बाजूला झाली.

भीती वाटली का, विचाराल. वाटली. पण त्याहून जास्त डोकं फिरलं. जन्मभर मी त्या उंचीवर कुरकुर केली, ते खरं. पण माझी होती ती. दारांना डोकं मी आपटून घेतलं, टोमणे मी ऐकले, गुडघा माझा गेला. तिच्यावर माझं पोट चालतं. ज्याला स्वतःचं नेट बांधता येत नाही त्या मास्तराला शाळा किती दिवस ठेवेल? आणि कुणा परक्या माणसाने, केवळ मी त्याच्या सीटवर बसलो म्हणून, ती बोट-बोट करून काढून घ्यायची? ही कुठली रीत?

रविवारी भर दुपारी गाडी काढली आणि मुठ्याला गेलो. क्लचसाठी सीट पार पुढे ओढून, पाठीमागे उशी लावून. पाऊस उघडला होता, ऊन पडलं होतं, भातखाचरं पिवळी व्हायला लागली होती. गाडी तुमची तुम्हाला ठेवा आणि माझं मला द्या, असं काय काय घोकत होतो. ते कसं देतात, याचा विचार केला नव्हता.

घरासमोर वाळूचा ढीग होता. दाराच्या वरची भिंत दोन गवंडी छिन्नीने फोडत होते. सगुणाबाई सगळ्यात वरच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. तोंडावर तुकतुकी आली होती त्यांच्या. अमोल मला बघून शेडच्या मागे गेला.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"चौकट वर घेतुया."

"का?"

"कपाळाला लागतीया."

"कुणाच्या?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. मान वर न करता बघितलं. त्या बसलेल्या होत्या, पायरीवर का होईना, पण बसलेल्या होत्या. "तुमी या आत, सर," त्या म्हणाल्या. "तुमाला न्हाई लागायची."

मी चावी त्यांच्या सुपाशेजारी आपटली. म्हटलं, "गाडी परत घ्या. पैसे नकोत मला. गाडी घ्या आणि हे थांबवा."

तेवढ्यात अमोल पुढे आला. त्याने चावी उचलली, माझ्या हातात परत ठेवली आणि माझी मूठ स्वतःच्या हातांनी मिटवली. त्याचे हात गार होते. तो रडकुंडीला आला होता.

"तुमीच ठेवा, सर," तो अगदी हळू म्हणाला. "आण्णा न्हाई मावत आता तिच्यात..."

गवंड्यांच्या छिन्न्या थांबल्या होत्या. आत, अंधाऱ्या खोलीत, तंबाखू खाणारा माणूस खाकरतो तसं कुणीतरी खाकरलं. आवाज वरून आला, स्लॅबला अगदी लागून. सगुणाबाईंनी सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आत गेल्या.